सादड्याचं आढं

भंगारवाल्यांना चाक निघेना. पान्याला पाइप अडकवून दोघंही लोंबकळले, तरी नट जागचा हलायचं नाव घेईना. मी ओट्यावरून बघत होते. शेवटी राहवलं नाही, म्हटलं, "अहो, उलटे आटे आहेत त्याला. ताकद कसली लावताय, इकडं फिरवा." नट कुरकुरला, सुटला, आणि चाकाबरोबर पत्र्याच्या आतून मूठभर भुसा खाली सांडला. इतकी वर्षं ग्रीसमध्ये माखून बसलेला. पाऊस त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आधी ग्रीसचा वास आला, मग त्याच्यामागून लाकडाचा, आंबूस, कोमट. मी पदर नाकाला लावला. धुळीमुळं लावला असं त्यांना वाटलं असेल.

"हाच का वं तो आरा?" त्यातला मोठा हळूच म्हणाला. या भागात अजून लोकांना ठाऊक आहे.

"हाच," मी म्हटलं. त्यानं उगाचच हात पँटला पुसले.

आमच्या ह्यांनी तो आरा स्वतः बनवला होता. हे नाशिकजवळ अंबडला एका कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडली. का पडली, कुणामुळं पडली, यावर तेव्हा टपऱ्यांवर रोज भांडणं व्हायची. मला आता त्यात काही रस उरलेला नाही. मला आठवतं ते एवढंच, की हे दुपारीच घरी आले, डबा न उघडता तसाच ठेवला आणि म्हणाले, "ऐकलं का, आपण गावाकडं घर बांधू. आपलं पोर भाड्याच्या खोलीत जन्माला नाही येणार."

पोर होतं कुठं तेव्हा! दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा हात रिकामे. पहिलं सातव्या महिन्यातच गेलं. दुसरं दिवस भरून आलं, गोरंगोमटं, डोकंभर जावळ, पण रडलंच नाही. नर्सनं पाय धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. मी पडल्या पडल्या कान टवकारून ऐकत होते. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते, शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती, सगळे आवाज येत होते, तेवढा एक येत नव्हता. भाड्याच्या त्या खोलीत मग मला राहवेना. म्हणून ह्यांनी गावाकडचं नाव काढलं तेव्हा मी कसलीही चौकशी न करता भांडी आवरायला घेतली.

गाव म्हणजे घोटीहून बरंच आत. ह्यांच्या वडिलांनी मागं ठेवलेली डोंगरउताराची वरकस जमीन, नागली आणि वरई पिकेल एवढीच. मी मखमलाबादची, माळ्याची पोर. झेंडू आणि मेथीच्या वाफ्यांत वाढलेली. आमच्याकडं पाटाचं पाणी वाफ्यात आपल्या पायानं यायचं. इथं पावसाळ्यात डोक्यावर धरण फुटल्यासारखा पाऊस आणि होळीनंतर हंडाभर पाण्याला डोंगर उतरा. पहिल्या दिवशी मी त्या माळावर उभी राहून म्हटलं, "इथं घर? इथं तर शेळीसुद्धा विचार करून बसेल." हे हसले. ह्यांना माझं तोंड आवडायचं, काय करणार!

जमिनीवर होतं काय, तर दगड आणि मधोमध एक सादड्याचं झाड. सरळसोट, उंच, साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. त्याच्याखाली आम्ही पत्र्याचं छप्पर टाकलं आणि राहायला लागलो. हे, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. बारीक, काटकुळ्या, कपाळावर हिरवं गोंदण. बोलणं कमी. मी दोघींच्या वाटचं बोलायचे.

आणि मग तो आरा. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन, वर-खाली न लावता आडवी लावलेली दोन मोठी चाकं, त्यांच्यावरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, खाली अँगलचे रूळ. शहरातल्या वखारीत खोड आऱ्याकडं जातं. आमचा आरा खोडाकडं जायचा. खोड जमिनीवर पाचरी मारून घट्ट बसवायचं आणि आरा त्याच्यावरून ढकलत न्यायचा. ज्या वाडीचं काम असेल त्या वाडीचे बैल येऊन तो ओढून न्यायचे. हे ढकलायला, मी पट्ट्यावर पाणी सोडायला, भुसा ओढायला आणि सुटलेली फळी धरायला. लोकांकडं रोकड नसायची, म्हणून चिराईची मजुरी लाकडातच घ्यायची असं ह्यांनी ठरवलं. कुणाच्या जांभळातली एक फळी, कुणाच्या आंब्यातल्या दोन रिपा. बायका मला म्हणायच्या, "तुमचं घर म्हंजी अख्ख्या डोंगराचं हुनार." तसंच होत होतं. मागचं दार आंब्याचं, देवळीची फळी जांभळाची, एक खिडकी सागाची तर तिची जोडीदारीण फणसाची. मी ह्यांना म्हणायचे, "आपलं घर आहे का गोधडी?"

प्रत्येक लाकडाचा वास वेगळा, हे मला तिथं कळलं. आंब्याचा भुसा नाकाला आंबट. जांभळाचा तुरट आणि लालसर, घामात मिसळला की हातांवर डाग पडायचे ते आठवडाभर जायचे नाहीत. साग चिरताना नव्या चपलेसारखा तेलकट वास. शिरीष निघाला की मात्र आमची धडगत नसायची. दोघंही शिंकून शिंकून बेजार. हे शिंकता शिंकता हात जोडून खोडाला म्हणायचे, "या पाहुणे, या!" आणि पुन्हा शिंकायचे. दुपारी इंजिन बंद झालं की कानांत शांततेची एक शिट्टी वाजायची. मग नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, दगडावर फोडलेला कांदा. उरलेला भुसा मी पोत्यात भरून आणायचे. डब्याच्या शेगडीत तो ठासून भरायचा, मधोमध बाटली उभी करून मग अलगद काढून घ्यायची, त्या भोकातून जाळ वर यायचा. संध्याकाळच्या आमटीलाही त्या दिवशी चिरलेल्या झाडाचा वास असायचा. तसली आमटी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. आता गॅस आहे. काय बोलायचं!

तो पट्टा गायचा. खोटं नाही सांगत. चांगल्या लाकडात तो एकाच सुरात, भुंग्यासारखा घुमायचा. गाठ आली की सूर खाली बसायचा आणि हे हात सैल सोडायचे. पाठमोरी असूनसुद्धा मला त्या आवाजावरून कळायचं की गाठ आली, की ओल आली, की दात बोथट झाले. एकच आवाज असा होता की तो ऐकला की मी हातातलं टाकून मागं सरायचे. लोखंडाचा.

त्या डोंगरात झाडांमध्ये खिळे असतात. कुंपणाचे, झोळी टांगायचे, ते सोडा, ते दिसतात. मी म्हणते ते न दिसणारे. घरात पोरं जगेनात, कुणाला फेफरं यायला लागलं, कुणा बाईचं दूध आटलं, की भगत येतो. त्या माणसाच्या अंगावरच्या कापडाची चिंधी लोहाराकडच्या बिनडोक्याच्या खिळ्याला गुंडाळतो आणि एखाद्या झाडात तो खिळा पार आत, दिसेनासा होईपर्यंत ठोकतो. पीडा झाडात खिळली. साल भोक बुजवून टाकते. झाड वाढत राहतं आणि त्याबद्दल कुणी म्हणून कुणी बोलत नाही. तोंडातून शब्द निघाला की खिळा सैल होतो, असं मानतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोठ्यानं हसले होते. आत्याबाई उठून बाहेर गेल्या होत्या.

पण हसून पट्ट्याचे दात वाचत नाहीत. सुरुवातीला दोनदा खिळे लागले, ठिणग्या उडाल्या, दातांची ओळच्या ओळ मोडली. ह्यांनी जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक काढलं आणि ते खोडावरून फिरवायला लागले. वरवरचं सापडायचं, आतलं नाही. पुरुषांना विचारलं तर त्यांचं एकच, "नाय नाय, आमच्यात तसलं काय नाय." अशात एकदा एका वाडीवर काम चालू व्हायच्या आधी ठकूबाई नावाची बाई पाण्याचा हंडा घेऊन आली. हंडा खाली ठेवला, काही न बोलता खोडावर एके जागी तळहात ठेवला, जरासा दाबला, आणि माझ्याकडं बघितलं. नंतर हंडा उचलून चालू पडली. मी कोळशानं तिथं खूण केली, ह्यांना म्हटलं, "इथं हातभर सोडून द्या." ह्यांनी का म्हणून विचारलं नाही. तेवढा तुकडा बाजूला काढला, तो ठकूबाईच्या घरच्यांनी नेऊन नदीत सोडला.

मग तोच रिवाज पडून गेला. आरा वाडीवर पोचला की मी चहाच्या निमित्तानं आधी बायकांत जायचे. बोलणं पावसाचं, भाताचं, कोंबड्यांचं. आणि परत खोडाशी येते तोच कुणीतरी मागून येऊन हात ठेवून जायची. म्हातारी, तरणी, कधी बाप्याची नजर चुकवून आलेली. पोर जगलं असेल किंवा गेलं असेल, दुखणं सुटलं असेल, म्हणजे खिळ्याचं काम संपलं असेल, तरच दाखवायचं, हे मला हळूहळू कळत गेलं. काम चालू असताना त्या जागेला हातसुद्धा लावायचा नाही. मी न मानणारी बाई, पण त्या हातांनी मला भरून यायचं. किती बायकांचं किती काय काय त्या डोंगरातल्या झाडांमध्ये ठोकून ठेवलेलं होतं! आणि त्या एका परक्या, तोंडाळ बाईला ते दाखवत होत्या.

काळ्या दगडाच्या भिंती खांद्यापर्यंत आल्या तेव्हा मला दिवस राहिले.

त्यानंतर घरात सगळे पाय न वाजवता चालायला लागले. आत्याबाई मला हंडा उचलू देईनात. हे आऱ्यावर मला फक्त पाणी सोडायला उभं करायचे, तेही लांबून, लांब नळी लावून. दोघंही माझ्या पोटाकडं बघायचे नाहीत, आणि दोघंही दुसरीकडं कुठं बघायचे नाहीत. पाचवा सरला. सहावा लागला. श्रावणात मोकळी होणार होते. इगतपुरीकडचा श्रावण म्हणजे कपडे चुलीवर वाळवायचे दिवस. त्याच्या आत छप्पर व्हायला हवं होतं आणि सगळं होतं, वासे होते, रिपा होत्या, कौलं रचून ठेवलेली होती. नव्हतं ते आढं. छपराचा सगळा भार ज्याच्यावर पडतो ते माथ्यावरचं लांब लाकूड. चिराईत तेवढं लाकूड कोण देणार?

"आपला सादडा पाडू," हे जेवताना म्हणाले.

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "त्यो नको."

"का?"

"सावली हाय त्याची."

"छप्पर झालं की सावलीच सावली आहे, आई."

"पोरीचं बाळंतपण हुं दे. मंग पाड."

"अगं, छप्पर बाळंतपणासाठीच घालतोय ना? पावसात भिजत बाळंत करायची का तिला?"

"माज्या भाच्याकडं जाऊ. घोटीला जाऊ. कुटं बी जाऊ. पर त्यो आता नको."

मी मध्ये पडले. माझ्याच्यानं राहवत नाही. म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला हे घर व्हायला नकोच आहे का? भिंतीला नाही, दाराला नाही, आता झाडाला नाही. सदा आपला नन्नाचा पाढा!" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोटाकडं बघितलं, ताट सारलं आणि बाहेर जाऊन सादड्याच्या बुंध्याशी बसल्या.

नारळ फोडून, हळद-कुंकू वाहून झाड पाडलं. ते पडलं तेव्हा माळ एकदम उघडा झाला, आभाळ खाली आल्यासारखं वाटलं. ह्यांनी खोडावरून चुंबक फिरवलं. काही लागलं नाही. बायकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. झाड आपलं, जमीन आपली, आपल्याच झाडाला काय विचारायचं?

चिरायच्या दिवशी आत्याबाई सकाळपासून अस्वस्थ. "आज नका चालवू. आवस हाय."

"अवस परवाच झाली, आई."

"मंग मंगळवार हाय."

"आज गुरुवार आहे." हे हसले. मीही हसले.

आम्ही पाचरी मारत होतो तेवढ्यात त्या खोडाशी आल्या. हात पुढं केला आणि मागं घेतला. थोड्या वेळानं पुन्हा आल्या, पुन्हा बोटं सालीपाशी नेली आणि पदरात लपवली. मी बघत होते. मला वाटलं, एकेकाचा जीव असतो एखाद्या झाडावर. मी म्हटलंसुद्धा, "आत्याबाई, बाजूला व्हा, लागेल कुठं." त्या बाजूला झाल्या.

पहिली पाठ, म्हणजे सालीकडची फळी, सुंदर सुटली. आत लाकूड तांबूस, ओलं. सादड्याचा वास मातीसारखा असतो, वळवात भिजलेल्या मातीसारखा. ह्यांनी अंगठ्यानं ते चाचपून पाहिलं आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, बघ म्हणून. इतके खूश मी त्यांना अंबड सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. मग दुसरी पाठ घेतली. पट्टा गात होता. खोडाच्या मध्याच्या जरा पुढं सूर चिरकला, आणि मला कळलं, मी "अहो" म्हणाले, आणि पट्टा तुटला.

इंजिन चालूच होतं. हे भुशात खाली बसले होते, दमून बसावं तसे, दोन्ही हातांनी मांडी वरच्या अंगाला आवळून धरलेली. "इंजिन बंद कर," म्हणाले. "डिझेल जातंय." मी इंजिन बंद केलं. मग आत्याबाईंचा आवाज ऐकू आला, त्या त्यांचं नाव घेत होत्या, लहानपणचं. मी पातळ फाडून बांधलं, घट्ट बांधलं, तरी थांबेना. ओल्या भुशाला सवय असते, तो सगळं शोषून घेतो. वाडीतल्या माणसांनी बाजेवर घालून रस्त्यापर्यंत पळत नेलं. दुधाचा टेम्पो मिळाला. घोटीच्या अलीकडंच माझ्या मांडीवरचं त्यांचं डोकं जड झालं. त्यांच्या केसांत भुसा होता. मी तो पुढच्या सगळ्या रस्त्यात वेचत बसले होते, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

दिवसकार्य झालं. मग एका सकाळी मी खोडाशी गेले. कुणीच काही हलवलं नव्हतं. अर्धवट चिरलेल्या फटीत खिळा होता, चमकणारा, आडवा कापला गेलेला. भोवतालचं लाकूड शाई सांडल्यासारखं निळंकाळं. आणि खिळ्याला गुंडाळलेली चिंधी. मोरपंखी. त्या रंगाचं पातळ त्या डोंगरात एकच होतं, माझं. त्याचा काठ उंदरांनी कुरतडला म्हणून पिंजरा आणायला मी आत्याबाईंनाच सांगितलं होतं.

त्या माझ्या मागंच उभ्या होत्या.

"कधी ठोकलात?"

"दुसरं गेलं तवा. तू म्हायेरी हुतीस, म्या हितं आले हुते."

"सांगायचं नाही?"

"तोंडानं सांगत न्हाईत."

"मग हात ठेवायचा!" मी ओरडले. "ठकूबाईनं ठेवला. डोंगरातल्या सगळ्या बाया ठेवून गेल्या. तुमचा हात काय झडला होता?"

"त्यांचं काम झाल्यालं हुतं गं," त्या म्हणाल्या. "तुझं पोट अजून भरायचं हाय. मदीच दावला तर खिळा सुटतो. सुटला की पोटातल्यावर येतं. भगत बोलला हुता." मग म्हणाल्या, "आदी बी लागल्यात खिळं. दातच मोडत्यात. दात मोडतील, म्हनलं. पट्टा तुटंल असं नाय वाटलं."

मला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं. पण पोटात बाळ फिरलं, चांगलंच, टाच मारून, आणि मी तिथंच खाली बसले. त्यांनी मला धरलं नाही, आणि बरंच केलं.

भाऊ मखमलाबादला न्यायला आला. मी गेले नाही. ह्यांनी पोर इथं जन्माला येईल म्हटलं होतं, मग इथंच. ठकूबाईच्या घरच्यांनी आपल्या गोठ्याचं आढं उतरवून आणलं, गुरं पावसात बांधली. वाडीवाडीतून माणसं आली. वासे चढले, कौलं चढली. सादड्याच्या खोडाला मात्र कुणी शिवलं नाही. अर्धा खिळा अजून आत होता ना! आत्याबाईंनी भगताला विचारलं, भगत म्हणाला, दिवस पुरे होईपर्यंत खोड हलता कामा नये. मग त्या तिथंच बसल्या.

तो पाऊस आठवतो मला. दिवस दिवस डोंगर दिसायचा नाही. पागोळ्यांचा पडदा, कुजलेल्या भुशाचा वास, आणि पलीकडं पाण्यात एक इरलं. पानांचं ते टोपलं डोक्यावरून पाठीवर घेऊन आत्याबाई खोडाशेजारी उकिडव्या बसलेल्या. गुरं हुसकायच्या, कुत्री हुसकायच्या. संध्याकाळी आत यायच्या, उजाडलं की परत. मी भाकरी नेऊन दगडावर ठेवायचे आणि तशीच माघारी यायचे. ज्या बाईनं माझा माणूस घालवला ती माझ्या बाळावर राखण करत होती. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता, हे त्या दिवसांत माझ्या एकदाही मनात आलं नाही. मी तिचा द्वेष करत होते आणि तिच्यासाठी भाकरी थापत होते.

श्रावणात वैशाली झाली. सुईण ठकूबाईच होती. मी कान टवकारले. पाऊस कौलांवर कोसळत होता, आणि त्याच्यातून तो आवाज आला. अशी ठणठणीत रडली म्हणता! बाहेर आत्याबाईंनी तो ऐकला. त्या उठल्या. दारातून मला दिसत होतं, त्यांनी इरलं काढून ठेवलं, सादड्याच्या खोडावर खिळ्याच्या जागी तळहात ठेवला आणि तो उचलेचनात. ठकूबाईला जाऊन त्यांना आत आणावं लागलं.

वर्षं गेली. कशी गेली, विचारू नका. भाताची आवणी केली, लोकांच्या बागेत राबले, पोर शाळेत घातली. आरा होता तिथंच गंजला. आता समोरच्या डोंगरावर शहरातल्यांचे बंगले आलेत, त्यांच्या खिडक्या अंबडहून तयार येतात. वैशाली नाशिकला नोकरीला आहे. "आई, विकून टाक ते लोखंड," तीच म्हणाली. विकलं. भंगारवाल्यांचा टेम्पो खडखडत उतारावरून गेला. जाईना का.

आत्याबाई गेल्या त्याला खूप दिवस झाले. वैशाली तेव्हा पाचवी-सहावीत असेल. पावसाळा सरला होता, भाताला लोंब्या आल्या होत्या. आत्याबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या, पण त्या दुपारी जरा हुशारीत होत्या. वैशालीनं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि मागं बसून त्यांची वेणी घालायला घेतली. मी पुढ्यात तांदूळ निवडत होते. आम्हा दोघींत इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल एक शब्द झाला नव्हता.

"येक इचारू?" आत्याबाई म्हणाल्या.

"विचारा."

"त्या दिशी म्या हात ठेवाया पायजे हुता का?"

उत्तर माझ्याकडं तयार होतं. भाकरी थापताना, आवणीत कमरेत वाकलेली असताना, मी ते किती वेळा मनात म्हटलं होतं. हो, पाहिजे होता. लोखंडाचा तुकडा तो, त्यानं ना पोर मरतं ना जगतं. तुम्ही हात ठेवला असता तर माझा माणूस आज या घरात बसला असता. मी तोंड उघडलं.

"कसला हात गं, आज्जी?" वैशालीनं मान वर केली. तोंडात रिबीन धरलेली, कपाळ थेट ह्यांचं, आणि माझ्याकडं बघत होती. मी असलं काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. पण तिच्या तोंडाकडं बघत मला तो "हो" म्हणता येईना. आत्याबाई वाट बघत होत्या.

"चहा टाकते," मी म्हटलं आणि सूप उचलून आत गेले. चुलीपाशी बराच वेळ लावला. जाळ नीट होता तरी फुंकत बसले. चहा उकळून उकळून काळा झाला, तेव्हा कुठं कप भरला.

बाहेर आले तर आत्याबाईंचे डोळे उघडेच होते, मी ज्या दारातून आत गेले होते त्या दाराकडं लागलेले. मी कप खाली ठेवला. जवळ जाऊन त्यांच्या नाकापाशी हात धरला. नंतर वैशालीचा हात धरायला गेले, तर तिनं तो झिडकारला.

"थांब ना गं आई," ती म्हणाली. "हलू नको म्हटलं तर आज्जी किती छान बसलीय. एवढं टोक बांधलं की झालं."